आधी सांबार सांगा, मग घराचं बोलू

मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे! हे मी नाही म्हणत, माझ्या दुकानाची पाटी म्हणते. 'सावध मोबाईल, अमडापूर', आणि त्याखाली लाल अक्षरात, 'ओटीपी कोणाले देऊ नका. पाह्यल्याशिवाय पैसे देऊ नका. जनहितार्थ : प्रसेनजित.' फुटलेली स्क्रीन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी भरपूर सावध करतो आणि मग स्क्रीन बदलतो. काही गिऱ्हाइकं त्या भाषणाच्या धास्तीनं थेट चिखलीला जाऊन मोबाईल दुरुस्त करून आणतात, पण ते जाऊ द्या. माझ्या स्वतःच्या मोबाईलची रिंगटोनसुद्धा गाणंबिणं नाही. माझाच आवाज आहे! फोन वाजला की मीच ओरडतो, "सावधान! सावध मोबाईल, अमडापूर! ओटीपी कोणाले देऊ नका!"

तर असा मी. आणि अशा माझ्यावर भाड्याचं घर शोधायची वेळ आली.

झालं असं, की माझी बायको धम्मशीला सरकारी दवाखान्यात नर्स आहे आणि तिची बदली मलकापूरला झाली. सोमवारी हजर व्हायचं होतं. रोज खामगावला बस बदलून जाणं-येणं म्हणजे माणूस ड्युटीवर कमी आणि स्टँडवर जास्त. पण खरं कारण वेगळंच होतं. आमच्या घरात गॅस एक आणि बायका दोन. माझी वहिनी मनाची फार चांगली आहे, पण वरणात हळद किती घालायची यावर तिचं आणि धम्मशीलाचं लग्नापासून एकमत नाही. बदलीचा कागद हातात आला त्या दिवशी धम्मशीला मला म्हणाली, "मले मोठं घर नोको. ओटा फक्त माह्या एकटीचा पाह्यजे. आन् ओट्यावर खिडकी."

मला खरंच वाईट वाटलं हो! इतक्या वर्षांत बायकोनं माझ्याकडे मागून मागितलं काय, तर एक ओटा!

"घर पाहण्याचं काम माह्यावर सोड," मी छातीवर हात मारून म्हणालो.

"त्याचंच तं भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली. "एक सांगून ठेवतो. रविवारी सामान मलकापुरात उतरंल म्हणजे उतरंल. वापस आणणार नाही मी."

मग मी तिला भाड्याच्या घरांच्या फसवणुकीवर सविस्तर व्याख्यान दिलं. फोटोतल्या घरावर भाळायचं नाही, घर डोळ्यांनी पाहायचं. बाजारभावापेक्षा घर फारच स्वस्त मिळत असेल तर कान टवकारायचे. मालकाचं लाईट बिल आणि आधार कार्ड मागायचं. पाहण्याआधी टोकन मागणारा मालक म्हणजे मालक नव्हेच. आणि पैसे 'घेण्यासाठी' कोणी कोड स्कॅन करायला सांगितला तर फोन ठेवून द्यायचा. धम्मशीला मेथी निवडत ऐकत होती. मला वाटलं, तिचं सगळं लक्ष मेथीत आहे.

हे नियम तुम्हालाही ठाऊक असतील. पण माझी खरी युक्ती पुढे आहे. ती माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाली होती, म्हणून तिच्यावर माझा जीव जरा जास्तच.

आमच्या वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. बाहेरच्या माणसाला सांबार म्हटलं की इडली आठवते आणि आम्हाला आठवते हिरवीगार जुडी. तेव्हा मी ठरवलं, की मालकाला पहिला प्रश्न एकच विचारायचा, 'सांबार म्हणजे काय?' कोथिंबीर म्हणाला तर आपल्यातला, इडली म्हणाला तर भामटा! लाईट बिल खोटं करता येतं, आधार खोटं करता येतं, पण सांबार कसं खोटं करणार?

पहिला फोन लावला. फोटोत घर चकाचक होतं आणि भाडं इतकं कमी की तेवढ्यात गोठासुद्धा मिळू नये.

"भाईसाब, मैं फौज में हूँ, पोस्टिंग दूर है. आप टोकन डालो, चाबी कुरियर से आएगी!"

"ते राहू द्या. सांबार म्हणजे काय?"

"सांभर? वो... इडली के साथ खाते हैं ना?"

कट! मी फोन ठेवला आणि विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "चाबी कुरियरनं येते म्हटल्यावरच समजलं होतं. त्याच्यासाठी सांबार कायले पाह्यजे?"

मी दुर्लक्ष केलं.

दुसरा फोन. याही घराचे फोटो होते. दोन खोल्या, गॅलरी, स्वयंपाकघरात ओटा आणि ओट्यावर चांगली ऐसपैस खिडकी! भाडंही रास्त. फोनवर एक बाई आल्या आणि इतकं स्वच्छ मराठी बोलल्या की मी फोन कानापासून दूर धरून नंबर पुन्हा पाहिला.

"नमस्कार. बोला, काय हवंय आपल्याला?"

मलकापुरात असं मराठी? मला तिथेच संशय आला. "सांबार म्हणजे काय?" मी दरडावून विचारलं.

"सांबार?" बाई गोंधळल्या. "इडलीबरोबरचं? अहो, मी खानावळ नाही चालवत. तुम्हाला घर हवंय की डबा?"

कट! नुसता कट नाही, नंबर ब्लॉक! धम्मशीला म्हणाली, "अवो, खिडकी चांगली होती. एकदा जाऊन पाह्यलं असतं."

"खिडकी दाखवूनच फसवतात," मी म्हणालो.

आणि इथे माझ्यातला समाजसेवक जागा झाला. आपण वाचलो, पण बाकीच्यांचं काय? मी मेसेज लिहिला, 'सावधान! मलकापुरात भाड्याच्या घराच्या नावाखाली बाई लोकांना फसवून राह्यली. नंबर खाली देल्ला आहे. ओळखायची खूण : सांबार म्हणजे काय विचारा. कोथिंबीर म्हटलं तर आपला माणूस, इडली म्हटलं तर फ्रॉड! जनहितार्थ, सावध मोबाईल, अमडापूर.' गावच्या ग्रुपवर टाकला, मामाच्या डोणगावच्या ग्रुपवर टाकला, मोबाईलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. पाहता पाहता तो जिल्हाभर फिरला. मला तो माझ्याच साडूकडून परत आला, तेव्हा त्याला तीन लाल दिवे आणि एक नाग चिकटलेला होता.

दुसऱ्या दिवशी आमचाच फोन वाजला. "सावधान! सावध मोबाईल, अमडापूर!" मी उचलला.

"भाऊ, घर पाहून राह्यले काऊन तुम्ही? मी शेखर बोलून राह्यलो काऊन. मलकापूरचा हाव बे मी!"

कानाला किती बरं वाटलं! मी प्रश्न टाकला. "सांबार म्हणजे काय?"

"सांबार? कोथिंबीर, भाऊ! आपला माणूस काऊन मी!"

माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. त्यानं फोटो पाठवले. तीच गॅलरी, तोच ओटा, तीच खिडकी! मी त्याला लगेच सावध केलं, "शेखरभाऊ, तुमच्या घराचे फोटो एक बाई वापरून राह्यली!"

"तिचंच सांगतो, भाऊ. खाली मावशी राहते ते. डोक्यानं सरकेल हाय काऊन. म्हणते, घर माहंच हाय. तुम्ही फक्त हो म्हणा आन् चाबी घ्या. मी पुण्याले नोकरीत हाव. टोकन टाकून द्या, रविवारी या."

"हा माणूस 'काऊन' कुठी बी लावून राह्यला," धम्मशीला बाजूला बसून म्हणाली. "काऊन म्हणजे कशासाठी, हेच त्याले माहीत नाही."

"पुण्यात राहून विसरला असंल बिचारा!" मी म्हणालो. "तुह्या खात्यातून टोकन टाकून दे. माह्या मोबाईलमध्ये जागा नाही, सगळी फॉरवर्डनं भरली."

"टाकतो," ती म्हणाली. आणि पुन्हा मेथीकडे वळली.

रविवारी सकाळी दयारामचा टेम्पो दारात आला. दयाराम मलकापूरला गुरांसाठी सरकीची ढेप आणायला रिकामाच चालला होता, त्यामुळे तो स्वस्तात तयार झाला. पण त्याला घाई होती. सामान चढलं : पलंग, कपाट, धम्मशीलाचा नवा कोरा गॅस. निघताना वहिनीनं शेतातल्या कोथिंबिरीची मोठी पिशवी धम्मशीलाच्या हातात दिली आणि पदर डोळ्याला लावला. "हळद कमी टाकत जाय वं," ती म्हणाली. धम्मशीलाही रडली. हळदीचं मात्र ती काही बोलली नाही.

खामगाव, नांदुरा करत आम्ही मलकापुरात पोचलो. घर अगदी फोटोतल्यासारखं! मी टेम्पोतून उडी मारली आणि बेल दाबली. पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक बाई बाहेर आल्या.

"जय भीम, मावशी! चाबी द्या. शेखरभाऊनं सांगतलं."

"कोण शेखर?"

"मालक."

"मालक मी आहे. हे घर माझं आहे."

शेखर म्हणाला होता अगदी तसंच! मी मान डोलावली. "हाव, हाव, मावशी! घर तुमचंच! पुरी गल्ली तुमची! मलकापूरचं स्टेशन बी तुमचंच!" आणि दयारामला डोळा मारला. "उतरव बे!"

"अहो, हे काय चाललंय?" बाई ओरडल्या. "तो पलंग खाली ठेवा!"

"खालीच ठेवून राह्यलो, बाई," दयाराम म्हणाला आणि पलंग अंगणात, त्यांच्या तुळशीला टेकवून उभा केला. पाठोपाठ कपाट आलं. बाई कपाटाला आडव्या झाल्या. मी त्यांना प्रेमानं समजावत होतो, "मावशी, गोळी घेतली का सकाळची?" शेजारपाजारचे लोक गॅलऱ्यांत येऊन उभे राहिले. एकानं तर खुर्ची आणली!

या गोंधळात धम्मशीला मात्र शांत होती. तिनं दारावरची पाटी वाचली, मग अगदी नम्रपणे म्हणाली, "बाई, तुमचं लाईट बिल दाखवता का मले?"

बाई आत गेल्या आणि लाईट बिल, घरपट्टी, आधार कार्ड सगळं घेऊन आल्या. धम्मशीलानं पाटी पाहिली, बिल पाहिलं, बाईंचं तोंड पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"अवो, घर यांचंच हाय. या अनुपमाबाई. मराठीच्या शिक्षिका व्हत्या."

स्वच्छ मराठी... खिडकी... अरे बाप्पा! ही तीच बाई! मी ब्लॉक केलेली!

"म्हणजे टोकन..." मी कपाळावर हात मारला. "टोकन गेलं, धम्मशीला!"

"नाही गेलं."

"काऊन?"

"मी टाकलंच नाही. तुमच्या दुकानावर काय लिहेल हाय? पाह्यल्याशिवाय पैसे देऊ नका. मी रोज वाचतो ते."

इतकी वर्षं मी पाटी लिहून बसलो आणि ती वाचणारं एकच माणूस निघालं, तेही माझ्या घरातलं! मला तिला तिथंच मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये कपाट होतं.

अनुपमाबाई जरा निवळल्या. "तुम्हाला कोणीतरी फसवत होतं तर. बसा, पाणी घ्या. मुली, तू आवडलीस मला. घर खरंच रिकामं आहे. देईन मी तुला." धम्मशीलाचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! तेवढ्यात बाईंनी तोंड कडू केलं. "फक्त एका माणसाला देणार नाही. तो कोण अमडापूरचा 'सावध मोबाईल' आहे ना, त्याला! माझा नंबर जिल्हाभर वाटला मेल्यानं! या आठवड्यात मला इतके फोन आले, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, सांबार म्हणजे काय! काल एकानं तर फोनवर पाककृती लिहून घेतली! तीस वर्षं मलकापुरात आहे मी. माहेर साताऱ्याचं असलं तरी कोथिंबिरीला इथे सांबार म्हणतात हे मला ठाऊक नाही? पण घर भाड्यानं घेणारा माणूस फोनवर कोथिंबीर कशाला विचारेल?"

हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

"तुम्ही कुठले?" त्यांनी मला विचारलं.

"डोणगाव!" मी म्हणालो. धम्मशीलानं पदर तोंडात कोंबला.

"त्या सावध मोबाईलवाल्याला ओळखता?"

"नाव ऐकून आहे. भला माणूस आहे म्हणतात."

"भला? त्याचा नंबर मिळवलाय मी एका फोनवाल्याकडून. थांबा, लावतेच पुन्हा फोन!" बाईंनी नंबर लावला. मी खिसा घट्ट दाबून धरला. पण खिशातला मोबाईल गप्प! मीच ब्लॉक केला होता की! आयुष्यात इतकं हुशारीचं काम मी दुसरं केलं नाही. "पाहा," बाई म्हणाल्या, "लागतच नाही मेल्याचा!"

"असे असतात लोक," मी हळहळलो.

तेवढ्यात दयाराम टेम्पोतून पिशवी घेऊन आला आणि अंगणाच्या मधोमध उभा राहून खड्या आवाजात म्हणाला, "प्रसेनजितभाऊ, हा सांबार सुकून राह्यला. कुठी ठेवू?"

"सांबार?" अनुपमाबाई गर्रकन वळल्या. "प्रसेनजित?"

आणि खिशातून मीच ओरडलो, "सावधान! सावध मोबाईल, अमडापूर! ओटीपी कोणाले देऊ नका!"

शेखरचा फोन! टोकन का आलं नाही म्हणून! शेजारच्या गॅलरीतला खुर्चीवाला उठून उभा राहिला. मी मोबाईल गप्प करायला धडपडलो, पण तो अनुपमाबाईंनी माझ्या हातातून काढून घेतला आणि स्पीकर लावला.

"काऊन भाऊ, टोकन नाही आलं काऊन?"

"सांबार म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"कोथिंबीर, मावशी!"

"अस्सं. कोथिंबीर शब्दातला 'थिं' ऱ्हस्व की दीर्घ?"

पलीकडून नुसतं 'अं... अं...' आलं.

"सांग लवकर! आणि 'काऊन' हे कोणत्या प्रकारचं अव्यय आहे?"

"अरे, कौन बोल रहा है? रखो फोन!" पलीकडून फोन आपटला. आणि तो आवाज मी ओळखला! तोच फौजवाला! आमच्या परीक्षेत आधी नापास झालेला! माझा मेसेज फिरत फिरत त्याच्याकडेही पोचला होता. प्रश्न आणि उत्तर दोन्ही मीच जिल्हाभर वाटले, मग तो पास होणार नाही तर काय!

धम्मशीलानं माझा मोबाईल घेतला, त्याचा नंबर सायबरच्या हेल्पलाइनला कळवला आणि मग अनुपमाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"बाई, चुकलं आमचं. तुमाले लय तरास झाला. पण सामान वापस नेणार नाही मी. मले तुमचा तो खिडकीवाला ओटा पाह्यजे. करारनामा माह्या नावानं करा, नोंदणीसकट. यांचं नाव नोका टाकू वाटलंच तर."

अनुपमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वर्गाबाहेर उभं केलेल्या पोराकडे पाहतात तसं.

"ठीक. घर हिचं. तुम्ही हिच्याकडे पाहुणे म्हणून राहा. दोन अटी आहेत. आत्ताच्या आत्ता सगळ्या ग्रुपांवर चूक दुरुस्त करायची. आणि रोज सकाळी बाजारातून मला एक ताजी जुडी आणून द्यायची."

मी तिथेच, पलंगाच्या कडेवर बसून मेसेज लिहिला, 'सावधान! आधीचा मेसेज चुकीचा आहे. अनुपमाबाई प्रामाणिक आहेत. सांबारवर विश्वास ठेवू नका. घर पाहा, कागद पाहा, मग पैसे द्या. सावध मोबाईल, अमडापूर.' बाईंनी तो तपासला, तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बदलले आणि पाठवायला परवानगी दिली. दयाराम तोवर ढेप संपेल म्हणून टेम्पोचा हॉर्न वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धम्मशीलानं स्वतःच्या ओट्यावर पहिला चहा केला. खिडकीतून ऊन थेट गॅसवर आलं होतं. ती चहा पीत नुसती उभी होती, आणि मला त्या घडीला घर मीच शोधून दिल्यासारखं वाटत होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. तिनं माझ्या हातात पिशवी दिली.

मी ऐटीत बाजारात गेलो. भाजीवाल्या अन्नपूर्णाबाईंसमोर जुड्यांचा ढीग होता.

"मावशी, सांबार द्या एक जुडी. ताजा सांबार पाह्यजे. सांबार कसा देल्ला?"

अन्नपूर्णाबाईंनी जुडीवरचा हात मागे घेतला आणि मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"पह्यले पैसे ठेवा, भाऊ."

"काऊन?"

"मोबाईलवर आलं हाय ना! जो माणूस सांबार सांबार करते, त्याच्यावर विश्वास ठेवू नका म्हणे, तो फ्रॉड असते. खाली नाव बी हाय, सावध मोबाईल. लय हुशार माणूस असंल बाप्पा तो!"

मी इकडेतिकडे पाहिलं, पैसे काढून फळीवर ठेवले आणि वऱ्हाडात जन्मून, वऱ्हाडात वाढून, आयुष्यात पहिल्यांदा खालच्या आवाजात म्हणालो, "कोथिंबीर द्या."